मजले वाढवण्याआधी माणसे मोजा : महापालिका आयुक्त आणि नगरविकास खात्याला खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त, बृहन्मुंबई महानगरपालिका
मा. प्रधान सचिव, नगरविकास विभाग, महाराष्ट्र शासन

विषय : भुयारी मेट्रोच्या स्थानकांभोवतीचा पुनर्विकास आणि त्याचा पर्यावरणावर होणारा एकत्रित परिणाम

महोदय,

भुयारी मेट्रो आता आरेपासून कफ परेडपर्यंत पूर्ण धावते आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये आचार्य अत्रे चौकापुढचा टप्पा सुरू झाला आणि मुंबई सेंट्रल, ग्रँट रोड, गिरगाव, काळबादेवी, सीएसएमटी, हुतात्मा चौक असा जुन्या मुंबईचा सगळा मध्यभाग एका मार्गाला जोडला गेला. त्याबरोबर स्थानकांच्या आसपास वाढीव एफएसआय (भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येईल ते प्रमाण) द्यावा, चाळींच्या जागी उंच इमारती येऊ द्याव्यात, या मागणीलाही जोर आला आहे. तिच्या बाजूने एक युक्तिवाद हमखास होतो : लोक स्थानकाजवळ राहिले की गाड्या कमी चालतील, धूर कमी होईल, म्हणून हा विकास पर्यावरणाच्या हिताचाच आहे. हा युक्तिवाद खोटा नाही, पण अपुरा आहे. उरलेला हिशेब कोणीच मांडत नाही आणि तो मांडण्याचे अधिकार आपल्या दोन कार्यालयांकडे आहेत, म्हणून हे पत्र आपल्याला लिहीत आहे.

मी ठाकूरद्वारच्या एका उपकरप्राप्त चाळीत राहते. पुनर्विकासाच्या संमतीपत्रावर मी सही केली आहे आणि ती मागे घेण्याचा माझा विचार नाही. १९६९ च्या कायद्याने जुन्या इमारतींना दुरुस्ती उपकर लागू झाला तेव्हा बेटावरच्या मुंबईत अशा १९,६४२ इमारती होत्या. त्यांतल्या हजारो आजही टेकूंवर उभ्या आहेत. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडी बाजारातली हुसैनी इमारत कोसळली आणि ३३ माणसे गेली. सामाईक संडासासाठी रांग लावणाऱ्या, दर पावसाळ्यात छताखाली बादल्या मांडणाऱ्या कुटुंबांना चाळीचे गोडवे कोणी ऐकवू नयेत. पुनर्विकास व्हायलाच हवा. तो कोणासाठी, किती दाट आणि कशाच्या बदल्यात, एवढाच माझा प्रश्न आहे.

दाट वस्ती आणि सार्वजनिक वाहतूक यांची सांगड घालण्याचा विचार आमच्या भागाला नवा नाही. गिरगाव, खेतवाडी, ग्रँट रोडच्या चाळी उभ्या राहिल्या त्या लोकलच्या फलाटापासून पायी अंतरावर. १९०७ पासून १९६४ पर्यंत या भागात विजेची ट्राम होती. माणसे चालत कामाला जात, चालत मंडईत जात, मुले चालत शाळेत जात. केंद्र सरकारने स्थानकाभोवतीच्या विकासाच्या २०१७ च्या धोरणात स्थानकापासून ५०० ते ८०० मीटरचा जो प्रभाव क्षेत्राचा पट्टा सांगितला, त्यात आमच्या कितीतरी वाड्या मेट्रो येण्याच्या आधीपासूनच बसतात. चर्नी रोड आणि मरीन लाइन्स हाकेच्या अंतरावर आहेत. नागपूर आणि पुण्यात मेट्रोलगतच्या ५०० मीटरच्या पट्ट्यात चारपर्यंत एफएसआय देताना निदान एवढे तरी म्हणता येत होते की तिथली वस्ती विरळ आहे. गिरगावात आणि भुलेश्वरात ते म्हणता येत नाही.

तरीही मी दाटपणाच्या बाजूची आहे. कारण शहर मध्यभागात वाढले नाही तर ते विरार, बदलापूर, पनवेलकडे पसरते आणि भातखाचरे, खाजण, डोंगरउतार खाऊन पसरते. तिथे घर घेणाऱ्याला रोज दोन-दोन तास लोकलला लटकावे लागते किंवा कर्ज काढून दुचाकी घ्यावी लागते. मध्यभागातले प्रत्येक परवडणारे घर हे त्या टोकाच्या एका घराची गरज कमी करते. पर्यावरणाच्या बाजूने इतका भक्कम दुसरा मुद्दा या साऱ्या चर्चेत नाही. फक्त तो खरा ठरण्यासाठी मध्यभागात खरोखरच जास्त माणसे राहायला हवीत आणि ती मेट्रोने, लोकलने, बसने जाणारी हवीत.

इथेच मला गिरणगावाची आठवण करून द्यावीशी वाटते. पश्चिम आणि मध्य रेल्वेच्या मधोमध, लोअर परळ, एल्फिन्स्टन रोड (आताचे प्रभादेवी), परळ, करी रोड, चिंचपोकळी अशा स्थानकांच्या कुशीत असलेली ही जमीन. स्थानकाभोवतीच्या विकासासाठी याहून योग्य जागा देशात क्वचितच असेल. १९८२ च्या संपानंतर गिरण्या थंडावल्या. १९९१ च्या नियमाने गिरणीच्या जमिनीचा एक तृतीयांश हिस्सा महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेला मालकाला, अशी विभागणी ठरली होती. २००१ मध्ये तो नियम बदलला. वाटणी फक्त बांधकाम नसलेल्या मोकळ्या जमिनीची करायची असे ठरले आणि सार्वजनिक वाटा आक्रसून गेला. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. त्यानंतर जे उभे राहिले ते आपण रोज पाहतो : काचेची कार्यालये, आठ-आठ मजली वाहनतळांवर बसवलेले निवासी टॉवर, आणि सेनापती बापट मार्गावर इंचाइंचाने सरकणाऱ्या गाड्या. लाखो नोकरदार मात्र स्थानकावर उतरतच होते, आणि त्यांच्यासाठीचे पूल गिरण्यांच्या काळातलेच राहिले. २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ जण मरण पावले.

हुसैनी इमारत आणि एल्फिन्स्टनचा पूल, मधे महिनासुद्धा नाही. पुनर्विकास रखडला तर काय होते आणि स्थानकाच्या क्षमतेचा विचार न करता तो झाला तर काय होते, हे दोन्ही या शहराने एकाच पावसाळ्यात पाहिले. म्हणून ‘पुनर्विकास हवा की नको’ या वादात मला रस नाही.

आता माणसांच्या संख्येकडे येते, कारण सारा हिशेब तिथे अडतो. २००१ च्या जनगणनेत मुंबई शहर जिल्ह्याची, म्हणजे बेटावरच्या मुंबईची लोकसंख्या ३३,३८,०३१ होती. २०११ मध्ये ती ३०,८५,४११ झाली. दहा वर्षांत अडीच लाखांनी घट. हीच दहा वर्षे गिरणगावात, ताडदेवला, भायखळ्याला टॉवर चढत होते. घट होण्याची कारणे अनेक आहेत, घरांच्या जागी आलेली कार्यालये आणि गोदामे हेही त्यांतलेच एक. पण एक गोष्ट यातून स्वच्छ दिसते की बांधकामाचे क्षेत्रफळ वाढले म्हणजे राहणारी माणसे वाढली असे होत नाही. ज्या जागेवर चाळीतली दहा कुटुंबे राहत होती तेवढ्या क्षेत्रफळाचे एक घर एका कुटुंबाला विकले जाते, आणि गुंतवणूक म्हणून घेतलेले असले तर ते बंदच राहते. तेवढेच सिमेंट, तेवढीच लिफ्ट, तेवढीच पाण्याची टाकी, पण मेट्रोत बसणारे कोणी नाही. आपण एफएसआय चौरस मीटरमध्ये मोजता. पर्यावरणाचा फायदा मात्र प्रवाशांच्या संख्येत मोजावा लागतो, आणि ती मोजायला आज कोणत्याही प्रस्तावात रकाना नाही. २०२७ मध्ये जनगणना होणार आहे. स्थानकांच्या परिसरातील राहती घरे, बंद घरे आणि कुटुंबांकडची वाहने यांची वॉर्डनिहाय आकडेवारी त्यातून मिळू शकेल. नवा एफएसआय जाहीर करण्याची घाई त्याआधी का करायची?

वाहनतळांविषयी मला सविस्तर लिहायचे आहे. आमच्या चाळीच्या पुनर्विकासाचे सादरीकरण झाले तेव्हा आराखड्यात तळमजल्यापासून वर कितीतरी मजले गाड्यांचे होते. मेट्रोचे प्रवेशद्वार आमच्या दारापासून चालत पाच मिनिटांवर आहे. मी विचारले, एवढ्या गाड्या कोणाच्या? उत्तर मिळाले की नियमच तसा आहे आणि विक्रीची घरे वाहनतळाशिवाय खपत नाहीत. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. आपल्या नियमावलीनुसार सदनिका जितकी मोठी तितक्या जास्त गाड्यांची जागा दाखवावी लागते. मोठ्या घराला दोन-दोन. आवश्यक वाहनतळाचे क्षेत्र एफएसआयमध्ये धरले जात नाही, म्हणून इमारत त्या जागेपुरती फुकट उंच होते. काही वर्षांपूर्वी तर सार्वजनिक वाहनतळ बांधून देण्याच्या बदल्यात जादा एफएसआय देण्याची योजना याच शहरात राबवली गेली. म्हणजे एका हाताने आपण स्थानकाजवळ राहा म्हणतो आणि दुसऱ्या हाताने प्रत्येक घराबरोबर गाडी ठेवायची सोय सक्तीने करून देतो.

या वाहनतळांचे नुकसान केवळ गाड्यांपुरते नाही. गल्लीच्या पातळीवर सहा-सात मजल्यांची आंधळी भिंत उभी राहते. ना खिडकी, ना दुकान, ना ओटा. चौपाटीकडून संध्याकाळी येणारा वारा आमच्या गल्ल्यांत शिरतो तो इमारतींमधल्या फटींतून. त्या फटी पोडियमने, म्हणजे टॉवरखालच्या रुंद बहुमजली चौथऱ्याने बुजल्या की मागच्या चाळीत उकाडा वाढतो आणि तिथल्या माणसाला एसी घ्यावासा वाटतो. बाजूची मोकळी जागा कमी सोडली तर महापालिका त्याबद्दल अधिमूल्य (प्रीमियम) घेते आणि सूट देते. त्या सुटीची किंमत शेजारची इमारत भरते, पण अधिमूल्य महापालिकेच्या तिजोरीत जाते. हा मुद्दा मी कोणाच्या हेतूवर शंका घेण्यासाठी मांडत नाही. ज्या संस्थेचे उत्पन्न सवलती देण्यातून येते, तिनेच त्या सवलतींचा पर्यावरणावरचा परिणाम तपासावा, ही रचनाच चुकीची आहे.

आपल्याच मुंबई वातावरण कृती आराखड्याकडे पाहा. मार्च २०२२ मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्यानुसार २०१९ मध्ये शहराचे हरितगृह वायूंचे उत्सर्जन सुमारे २ कोटी ३४ लाख टन होते. त्यातला ७२ टक्के वाटा घरे, कार्यालये, कारखाने यांत वापरल्या जाणाऱ्या ऊर्जेचा आणि २० टक्के वाटा वाहतुकीचा. बाकीचा कचऱ्याचा. याचा अर्थ, गाड्या कमी करून जे वाचेल ते वीस टक्क्यांच्या रकान्यातून वाचेल, आणि काचेच्या भिंती, चोवीस तास चालणाऱ्या लिफ्ट, पंप, वाहनतळातले पंखे आणि दिवे, प्रत्येक खोलीतला एसी यांनी जे वाढेल ते बहात्तर टक्क्यांच्या रकान्यात वाढेल. शहराला लागणाऱ्या विजेचा काही भाग आजही ट्रॉम्बे आणि डहाणूला कोळसा जाळून येतो. स्थानकाजवळची इमारत कशी बांधली आहे, तिला सावली आहे का, आरपार हवा खेळते का, हे प्रश्न ती स्थानकापासून किती मीटरवर आहे याइतकेच महत्त्वाचे आहेत. चाळीच्या लांब गॅलरीने आणि समोरासमोरच्या दारे-खिडक्यांनी हे काम शंभर वर्षे विजेशिवाय केले. नव्या इमारतीत संडास घरात हवा, भिंत पक्की हवी. पण गॅलरीची सावली आणि वाऱ्याची वाट ठेवायला कोणती तांत्रिक अडचण आहे?

आणखी एक प्रवास आहे जो कोणत्याच अहवालात दिसत नाही. इमारत रिकामी केल्यावर भाडेकरू कुठे जातात? विकासक देतो त्या भाड्यात गिरगावात खोली मिळत नाही. माणसे मिरा रोडला, विरारला, डोंबिवलीला जातात. मुलांची शाळा इथेच, नोकरी इथेच, म्हाताऱ्या आईबापांचा दवाखाना इथेच. जो माणूस चालत ऑफिसला जायचा तो आता रोज तीन-चार तास प्रवास करतो, आणि प्रकल्प रखडला तर पाच वर्षांचे दहा कधी होतात कळत नाही. म्हणजे स्थानकाजवळ लोकांना आणण्याच्या नावाखाली आपण आधी स्थानकाजवळचे लोक लांब पाठवतो. त्यांतले बरेच परत आल्यावर देखभालीचा मासिक खर्च झेपत नाही म्हणून घर विकून कायमचे जातात. त्यांच्या जागी येणारे कुटुंब मेट्रोने जाईल की कोस्टल रोडने, हे मी आपल्याला सांगायला नको.

कोस्टल रोडचा उल्लेख मुद्दाम केला. प्रिन्सेस स्ट्रीट उड्डाणपुलापासून वरळीपर्यंत १०.५८ किलोमीटरचा तो रस्ता काही भागात समुद्रात भराव घालून बांधला. ऑरेंज गेट ते मरीन ड्राइव्ह बोगद्याचे काम चालू आहे. दोन्ही आमच्या मेट्रो स्थानकांच्या परिसरातच येऊन मिळतात. याउलट मे २०२५ मध्ये बेस्टचे किमान भाडे ५ रुपयांचे १० रुपये झाले आणि आमच्या थांब्यांवर बसची वाट पाहण्याचा वेळ वाढतच गेला आहे. मेट्रोतून उतरून पुढे भुलेश्वर, मुंबादेवी, डोंगरीकडे जाणाऱ्यासाठी बस आणि पदपथ हाच मेट्रोचा शेवटचा टप्पा आहे. जगन्नाथ शंकरशेट मार्गाच्या दोन्ही बाजूंना उभ्या केलेल्या गाड्या हटवून पदपथ रुंद केले, तर जितके लोक मेट्रोकडे वळतील तितके एखाद्या नव्या टॉवरने वळणार नाहीत. हा उपाय सर्वांत स्वस्तही आहे.

पाण्याचा विषय दोन्ही अंगांनी बघावा लागेल. आधी पावसाचे पाणी. जुन्या मुंबईच्या पर्जन्यजलवाहिन्या तासाला २५ मिलिमीटर पाऊस धरून आणि त्यातले निम्मे पाणी जमिनीत मुरेल असे मानून बांधल्या गेल्या. पावसाच्या पाण्याच्या निचऱ्याबद्दलच्या १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने ही क्षमता तासाला ५० मिलिमीटर करायला सांगितली. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर त्या कामांना वेग आला, हाजी अली, लव्ह ग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर येथे उदंचन केंद्रे (पंपिंग स्टेशन) झाली, हिंदमातासाठी भूमिगत टाक्या झाल्या. पण या साऱ्या खर्चाच्या उलट दिशेने पुनर्विकास चालला आहे. वाड्यांमधली अंगणे, विहिरी, झाडांभोवतीची माती हे निम्मे पाणी मुरवत होते. आता भूखंडाच्या टोकापर्यंत तळघर खणले जाते आणि त्यावर पोडियम येतो. त्यावरच्या कुंड्यांतल्या बागेला मोकळी जागा म्हणून दाखवले जाते. बागेसाठीची किमान मोकळी जागा पोडियमवर नाही, जमिनीवरच हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१३ मध्ये मुंबईच्याच प्रकरणात बजावले होते. तळघरातले झिरपलेले पाणी पंपाने उपसून वर्षभर त्याच जुन्या वाहिनीत सोडले जाते. २६ मे २०२५ च्या पावसात आचार्य अत्रे चौकाचे मेट्रो स्थानक सुरू होऊन तीन आठवडेही झाले नव्हते तेव्हा त्यात पाणी शिरले. भुयारी स्थानक हा परिसरातला सर्वांत खोल खड्डा असतो. त्याच्या भोवतालची प्रत्येक चौरस मीटर जमीन काँक्रीटने झाकली तर पाण्याने जायचे कुठे?

मग पिण्याचे पाणी. दहा बाय सोळाच्या खोलीत एक मोरी असते, तीन शयनगृहांच्या घरात तीन न्हाणीघरे असतात आणि गच्चीवर तरणतलाव. हे पाणी आकाशातून येत नाही. तानसा, वैतरणा, भातसाचे पाणी पुरत नाही म्हणून महापालिका वाडा तालुक्यात गारगाई धरण बांधू पाहते आहे. दिवसाला ४४० दशलक्ष लिटर पाण्यासाठी तानसा अभयारण्यातले जंगल आणि आदिवासींची गावे बुडणार आहेत. गिरगावच्या टॉवरच्या परवानगीत या जंगलाचा उल्लेख नसतो. तसाच चंद्रपूरच्या सिमेंट कारखान्यांचा नसतो आणि पाडलेल्या चाळीच्या राडारोड्याचे पुढे काय झाले याचाही नसतो.

राडारोड्याचे नियम २०१६ पासून आहेत. बांधकामाच्या धुळीसाठी महापालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली : पत्र्यांची उंची, पाण्याची फवारणी, ट्रकची चाके धुणे. ती चांगली आहेत. तरी डिसेंबर २०२४ च्या अखेरीस भायखळा आणि बोरिवली पूर्वेची बांधकामे सरसकट थांबवावी लागली, कारण प्रत्येक जागा नियमात असली तरी शेजारीशेजारी पन्नास जागा एकदम चालू असल्या की हवा श्वास घेण्याजोगी राहत नाही.

हाच माझ्या पत्राचा मुख्य मुद्दा आहे. २००६ च्या अधिसूचनेनुसार २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते आणि ती एकेका प्रकल्पापुरती दिली जाते. बांधकाम प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट आहे. आमच्या एका गल्लीत चार इमारतींचा नियम ३३(७) (उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्विकासाचा नियम) खाली स्वतंत्र पुनर्विकास झाला आणि प्रत्येकी २०,००० च्या आत राहिला, तर त्या चारही इमारतींचा पर्यावरणाच्या दृष्टीने कोणी विचारच करत नाही. मोठा समूह प्रकल्प असला तर समितीसमोर फक्त त्याच प्रकल्पाचे पाणी, त्याचाच कचरा, त्याचीच झाडे येतात. बाजूच्या प्रकल्पाचे पाणी त्याच नळातून येणार आहे आणि सांडपाणी त्याच वाहिनीत जाणार आहे, हे कोणाच्याच टेबलावर एकत्र येत नाही. मेट्रोच्या एका स्थानकाच्या परिसरात पुढच्या पंधरा वर्षांत किती बांधकाम होईल, याचा अंदाज आपल्याकडे नसेल असे मी मानत नाही. मग त्या परिसराचा एकत्रित अभ्यास का होत नाही?

तो व्हावा, एवढी माझी मागणी आहे, आणि तो एफएसआय जाहीर होण्याआधी व्हावा. गिरगावासाठी वेगळा, काळबादेवीसाठी वेगळा, ग्रँट रोडसाठी वेगळा, कारण कुठे नाले वेगळे आहेत, कुठे रस्ते, कुठे बाजार. त्या अभ्यासात आज तिथे राहणारी माणसे आणि प्रकल्पानंतर राहतील ती माणसे समोरासमोर मांडा. मलवाहिनी आणि जलवाहिनीची शिल्लक क्षमता सांगा. किती माती उघडी राहील ते सांगा. अग्निशमन दलाचा बंब गल्लीत वळतो का, ते सांगा. जितके ओझे तो परिसर पेलू शकतो तितकाच एफएसआय द्या, एखाद्या गल्लीत तो तीन असेल आणि एखाद्या गल्लीत दोनच. सरसकट चार हा आकडा कोणत्या नाल्याला विचारून ठरवला जातो?

वाढीव एफएसआय द्यायचा तर तो लहान घरांना जोडा. विक्रीच्या हिश्श्यातली ठरावीक घरे चाळीस-पन्नास चौरस मीटरच्या आत असली तरच जादा बांधकाम मिळेल, अशी अट घातली की माणसांची संख्या आपोआप वाढेल. स्थानकाच्या ५०० मीटरच्या आत वाहनतळाची किमान अट काढून टाका आणि कमाल मर्यादा घाला. वाहनतळाचे मजले एफएसआयमध्ये धरा. अपंग आणि वृद्धांच्या गाड्या, रुग्णवाहिका, मालाचे टेम्पो यांची सोय वेगळी ठेवा, काळबादेवीच्या बाजाराला तिची गरज आहे. संक्रमण काळातले भाडे त्याच वॉर्डात खोली मिळेल इतके ठेवायला लावा किंवा म्हाडाच्या ताब्यातल्या जवळच्या जागांवर संक्रमण शिबिरे उभारा. मेट्रो कंपनीने गिरगाव-काळबादेवीच्या बाधित कुटुंबांचे पुनर्वसन त्याच भागात करायचे ठरवले, म्हणजे जागेवर पुनर्वसनाचे तत्त्व शासनाला मान्य आहे. ते सर्वांना लावा.

या मार्गाची किंमत आपण आधीच मोजली आहे. कारशेडसाठी ऑक्टोबर २०१९ मध्ये आरेतली २,१४१ झाडे रातोरात तोडली गेली. चर्चगेट आणि कफ परेडच्या रस्त्यांवरचे जुने वृक्ष गेले. २३,१३६ कोटींचा प्रकल्प म्हणून तो मांडला गेला होता, तो खर्च ३७,२७६ कोटींवर गेला. एवढे दिल्यावर स्थानकाच्या तोंडाशी गाड्यांचे मनोरे उभे राहणार असतील, तर त्या झाडांच्या बदल्यात जे कबूल केले होते ते कधीच मिळणार नाही.

शेवटी कार्यपद्धतीबद्दल. फेब्रुवारी २०१५ मध्ये विकास आराखड्याच्या पहिल्या मसुद्यात काही स्थानकांभोवती आठपर्यंत एफएसआय सुचवला होता. लोकांनी नकाशे वाचले, चुका दाखवल्या आणि दोन महिन्यांत तो मसुदा शासनाला मागे घ्यावा लागला. म्हणून विनंती आहे की स्थानक परिसराचे नियम प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम १५४ खाली निर्देश काढून थेट लागू करू नका. कलम ३७ ची पूर्ण प्रक्रिया करा, हरकती-सूचनांसाठी महिनाभराची मुदत द्या. प्रत्येक स्थानकाचा अभ्यास मराठीत, नकाशांसह, त्या स्थानकाच्या तिकीट खिडकीजवळच्या भिंतीवर आणि वॉर्ड कार्यालयात लावा. सुनावणी मंत्रालयात दुपारी ठेवू नका. ती गिरगावात, एखाद्या महापालिका शाळेच्या सभागृहात, संध्याकाळी सातनंतर ठेवा. आमच्या चाळीतले बहुतेक जण साडेसहापर्यंत कामावर असतात.

आपली,
ठाकूरद्वार येथील एक भाडेकरू